तासावर चालणारा कुत्रा

माझ्या वडिलांनी, आबांनी, अल्सेशियन पहिल्यांदा पाहिला तो माझ्या सांगलीच्या जनावरांच्या दवाखान्यात, १९८४ च्या उन्हाळ्यात. कोकणातून वर आलेली मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली करून ते मोतीबिंदू दाखवायला माझ्याकडं आले होते. दवाखान्याच्या पडवीत घोंगडं टाकून बसायचे आणि चांगल्या डोळ्यानं येणारी-जाणारी जनावरं बघायचे. त्या दिवशी साखर कारखान्यातले एक साहेब आपला दोन वर्षांचा कुत्रा लस टोचायला घेऊन आले. साखळी सोडली तसा कुत्रा फिरायला लागला. पडवीत आठ-दहा माणसं बसली होती, त्या सगळ्यांच्या कडेकडेनं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तिथून वळून परत. कुणाच्या अंगावर गेला नाही, कुणाला हुंगलं नाही. साहेब वैतागून म्हणाले, "डॉक्टर, याला काहीतरी गोळी द्या. घरी पण हेच करतो. चक्रम झालाय."

आबा मगापासून त्याच्या पायांकडं बघत होते. साहेब गेल्यावर मला म्हणाले, "चक्रम न्हाय रं ते. ह्यो वळायचा कुत्रा हाय. आपला राखायचा. ह्यो दिसाचा, आपला रातीचा."

मी माण तालुक्यातल्या धनगराच्या घरात जन्मलेला. मेंढरं वळणं वेगळं आणि मेंढरं राखणं वेगळं, हे मला चालायला लागल्यापासून माहीत होतं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात या जातीचे खुबे कसे निखळतात, स्वादुपिंड कसं दगा देतं, हे सगळं शिकलो होतो. पण हा कुत्रा मुळात कुठल्या कामाचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझ्या बापानं ते पाच मिनिटांत चालीवरून ओळखलं.

आबांचं ते बोलणं मी सत्तावीस वर्षं मनात ठेवलं. २०११ साली थोरला मुलगा अल्सेशियनच्या मूळ मुलुखात, जर्मनीत, श्टुटगार्टला मोटारीच्या कारखान्यात नोकरीला होता. मला तिथं महिनाभर राहायला मिळालं. त्याला म्हटलं, किल्ले आणि चर्चं राहू देत, मला मेंढरं दाखव. तो मला श्वेबिश आल्बवर घेऊन गेला. हे चुनखडीचं पठार. पाऊस पडतो, पण पाणी खाली मुरून जातं. माती वीतभर, वर दगड. आमच्या माणसारखीच जमीन, फक्त थंड. अशा जमिनीवर पीक बेताचं येतं आणि मेंढरू चांगलं जगतं, ते तिथंही तसंच.

एका सड्यावर साठीचा मेंढपाळ भेटला. तीनएकशे मेंढरं आणि दोन कुत्री. हातात उंच काठी, काठीच्या टोकाला पळीएवढं लोखंडी फावडं. मेंढरू भरकटलं की त्यानं ढेकूळ उचलायचं आणि नेमकं त्याच्या पलीकडं भिरकवायचं. आबा हेच काम दगडानं करायचे. पण मी बघत होतो ते कुत्र्यांकडं. एका बाजूला गहू उभा होता, दुसऱ्या बाजूला क्लोव्हरचा हिरवा चारा, मधे गवताची पट्टी, जेमतेम तीस पावलं रुंद. त्या पट्टीत तीनशे मेंढरं चरत होती आणि गव्हाच्या कडेनं मोठा कुत्रा दुडक्या चालीनं जात होता. टोकापर्यंत गेला, वळला, परत आला. भुंकणं नाही, पळापळ नाही. दुसऱ्या बाजूला त्याचा जोडीदार तेच करत होता. गव्हाच्या ओंब्या मेंढरांच्या तोंडापासून दोन हातांवर होत्या आणि एकाही मेंढरानं तोंड घातलं नाही. मेंढपाळ बहुतेक वेळ काठीला टेकून उभा होता.

माझ्या पडवीतल्या कुत्र्याची ती चाल होती. तीच दुडकी चाल, तेच टोक गाठून वळणं.

मुलानं दुभाष्याचं काम केलं. मेंढपाळानं सांगितलं, कोवळ्या कुत्र्याला आधी नांगराच्या तासात चालायला शिकवतात. एका अंगाला पीक, दुसऱ्या अंगाला मेंढरं, मधे तास. तास सोडून पाय बाहेर पडला की परत तासात. महिने न् महिने हेच. पुढं जमिनीत तास नसलं तरी कुत्र्याच्या डोक्यात ते ओढलेलं राहतं. हद्द दाखवून दिली की तो दिवसभर ती चालून जिवंत ठेवतो. असा कुत्रा म्हणजे चालतं कुंपणच.

असा कुत्रा त्या मुलुखात का तयार झाला, याचं उत्तर शेतात आहे. जुन्या जर्मन गावाची शिवारं लांबट अरुंद पट्ट्यांनी कापलेली असत आणि त्यांना कुंपण नसे. गावाची मेंढरं पडीक रानात आणि कापणी झालेल्या शेतात चरत. पुढं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पडीक ठेवायच्या रानातही बटाटा, बीट, क्लोव्हर आले, गायरानांच्या वाटण्या झाल्या, आणि मेंढरांना जायला पिकांमधल्या चिंचोळ्या पट्ट्या तेवढ्या उरल्या. त्याच काळात लांडगा संपत आला. आधीची जर्मन मेंढपाळांची कुत्री वेगळी होती. लांडग्याशी झोंबायला दणकट, गळ्यात अणकुचीदार खिळ्यांचा पट्टा. लांडगा गेला तशी ती दांडगी कुत्री खायला भार झाली आणि मेंढपाळाजवळ राहिला तो चपळ, हलका, कडेनं चालणारा. लाउझित्झ भागात १९०४ साली एक लांडगा मारला गेला आणि त्यानंतर तिथला मेंढपाळ रात्री निर्धास्त झोपायला लागला.

तो झोपायचा कशात, हे बघून मला आबांची फार आठवण झाली. तिथल्या एका संग्रहालयात दुचाकी लाकडी गाडा ठेवलाय, माणूस आडवा होईल एवढीच पेटी. हा गाडा मेंढरांच्या कोंडवाड्याशेजारी उभा करायचा. कोंडवाडा म्हणजे लाकडी ताट्या, आज या शेतात, उद्या त्या शेतात. कारण मेंढरांचं लेंडीखत सोन्यासारखं. रात्री कुणाच्या शेतात मेंढरं बसवायची याचा तिथं गावात लिलाव व्हायचा. आमच्याकडं दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात, कापलेल्या भातखाचरात मेंढरं बसवतात आणि शेतकरी त्याचं धान्य देतो. ताट्यांच्या जागी आमची जाळीची वाघर, गाड्याच्या जागी घोडं आणि घोंगडं. हिशेब एकच. मार्कग्र्योनिंगन नावाच्या गावी ऑगस्टअखेर मेंढपाळांची जत्रा भरते आणि त्यात मेंढपाळांच्या पोरी-पोरांची अनवाणी शर्यत लागते, कापलेल्या धान्याच्या धसकटावरून. पंधराव्या शतकापासूनची ही जत्रा. धसकटावरून अनवाणी पळायचं म्हणजे काय, हे माझ्या तळव्यांना ठाऊक आहे.

त्या मेंढपाळानं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार लागली. मेंढरू अगदीच ऐकेनासं झालं तर कुत्र्याला तोंड लावायची मुभा असते. पण कुठं? मानेला, बरगडीला, नाहीतर मागच्या मांडीला. पकड भरून आणि क्षणाची, कातडी फाटता कामा नये. पायाला, पोटाला धरलं की तो कुत्रा मेंढपाळांच्या स्पर्धेत बाद आणि कळपावरूनही बाद.

हे ऐकताना मला १९८१ मधली एक दुपार आठवली. एका बंगल्यातली अल्सेशियन कुत्री घरातल्या सात वर्षांच्या मुलीला चावली म्हणून मला बोलावलं होतं. मुलगी पळत फाटकाबाहेर निघाली होती. कुत्रीनं तिला मागून मांडीला धरलं, थांबवलं आणि सोडलं. मांडीवर दातांचे चार लाल वण होते. रक्त नव्हतं. कातडी फाटलेली नव्हती. मी कुत्रीला दहा दिवस नजरेखाली ठेवायला सांगितलं. ती ठणठणीत राहिली, तरी घरच्यांच्या मनातली भीती जाईना आणि शेवटी त्यांच्या आग्रहावरून मी तिला कायमची झोपेची सुई दिली. फाटकापलीकडं मोठा रस्ता होता. त्या कुत्रीनं आपल्या कामाच्या सगळ्या नियमांनी काम केलं होतं आणि ते ओळखण्याइतकं ज्ञान माझ्याजवळ नव्हतं. तीस वर्षांनी परक्या मुलुखात मला ते कळलं.

जर्मनीतला मेंढरांचा धंदा कसा बसला, ही गोष्टही चटका लावणारी आहे. १७६५ साली स्पेनच्या राजाकडून मेरिनो मेंढरं सॅक्सनीत आली. तिथल्या मेंढपाळांनी त्यांची लोकर इतकी तलम केली की युरोपभर तिला मागणी. मग १८२० नंतर याच सॅक्सन मेरिनोंचे कळप जहाजांनी ऑस्ट्रेलियाला गेले. तिथं गवताला अंत नव्हता. दोन पिढ्यांत ऑस्ट्रेलियाची स्वस्त लोकर जर्मन बंदरांत येऊन पडायला लागली आणि जिथून बी गेलं होतं तिथलाच मळा सुकला. १८७३ च्या गणनेत जर्मनीत सुमारे अडीच कोटी मेंढरं होती. १९०० साली एक कोटीही उरली नव्हती.

मेंढरं अशी ओसरत असताना माक्स फॉन श्टेफानित्झ नावाचा घोडदळातला कॅप्टन मेंढपाळांच्या कुत्र्यांच्या मागं लागला. एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात त्याला हेक्टर नावाचा एक कुत्रा दिसला. करडा, लांडग्यासारख्या रंगाचा, उभ्या कानांचा, प्रदर्शनात मिरवायला नव्हे तर कामाला घडवल्यासारखा. त्यानं तो तिथंच विकत घेतला, त्याचं नाव होरांड फॉन ग्राफराथ ठेवलं, जर्मन शेफर्डची, म्हणजे आपल्या अल्सेशियनची, संघटना काढली आणि वंशपुस्तकात पहिला क्रमांक होरांडला दिला. आज जगातला प्रत्येक अल्सेशियन वंशावळीत मागं मागं जात या कुत्र्यापाशी पोचतो. थुरिंगियाची हलकी, तापट, उभ्या कानांची कुत्री आणि व्युर्टेमबर्गची अंगानं भारी, शांत कुत्री यांचा मेळ त्यानं घातला. दिसण्यापेक्षा कामाला किंमत, हा त्याचा हट्ट होता. १९२५ साली कुत्री फार उंच आणि बोजड व्हायला लागली, तेव्हा त्यानं मुद्दाम क्लोडो फॉम बॉक्सबेर्ग या आखूड उंचीच्या, लांब अंगाच्या कुत्र्याला अजिंक्य ठरवून पैदाशीची दिशा वळवली.

मेंढरं संपली तर हा कुत्रा जगणार कशावर, हे श्टेफानित्झनं वेळेत ओळखलं. त्यानं पोलिसांना आणि लष्कराला कुत्री देऊन बघायला लावली. पहिल्या महायुद्धात त्यांनी निरोप नेले, जखमी शोधले. माझं मत असं की या माणसानं जात वाचवली आणि त्याच हातानं ती कळपापासून तोडली. पुढच्या जगाला दिसला तो पोलिसाच्या साखळीतला, दात दाखवणारा कुत्रा. तासावर चालणारा दिसेनासा झाला.

युद्धानंतर इंग्लंडात जर्मन शब्दच नकोसा झाला होता, म्हणून तिथल्या केनेल क्लबनं फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या आल्सास प्रांताचं नाव याला लावलं. तेच नाव इंग्रजांबरोबर आपल्याकडं येऊन घट्ट बसलं. इंग्लंडनं १९७७ साली जुनं नाव परत घेतलं. सांगली-मिरजेत अजून अल्सेशियनच म्हणतात. ऑस्ट्रेलियानं तर १९२९ साली या कुत्र्याची आयातच बंद केली, रानटी डिंगोशी संकर होऊन मेंढरांचा काळ ठरेल या भीतीनं. बंदी उठायला १९७० चं दशक उजाडलं.

याच्या मूळ स्वभावाला सगळ्यांत जवळचं काम मला विचाराल तर आंधळ्याला वाट दाखवण्याचं. १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्गला युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी अशी कुत्री तयार करणारी शाळा निघाली आणि तिथं मुख्यतः हाच कुत्रा होता. कड ओळखायची, कडेनं न्यायचं, धोका दिसला तर आडवं उभं राहायचं. तासच ते, फक्त मेंढरांच्या जागी एक माणूस.

आपल्या घरी आल्यावर याच गुणांना आपण दोष म्हणतो. घरातली माणसं वेगवेगळ्या खोल्यांत गेली की तो अस्वस्थ होतो, सगळी जेवायला एकत्र बसली की उंबऱ्यावर आडवा पडून सुस्कारा टाकतो. त्याचा कळप जमला. फाटकासमोरून सायकल वेगात गेली की उसळतो, कारण कळपातून काहीतरी सुटून चाललंय असं त्याला वाटतं. परक्या माणसाला तो लगेच जवळ करत नाही, आणि त्यानं करावं असा आग्रहही धरू नये. पिल्लू दीड ते साडेतीन महिन्यांचं असताना त्याला बाजार, रिक्षा, काठी टेकत येणारी म्हातारी माणसं, रडणारी पोरं, सगळं दाखवावं. तेव्हा बघितलेलं जग त्याला पुढं आपलं वाटतं. त्या वयात गच्चीवर कोंडलेला कुत्रा मोठेपणी भित्रा होतो आणि भ्यालेला अल्सेशियन चावतो. माझ्याकडं आलेल्या चावऱ्या कुत्र्यांत मारकुटी थोडी, घाबरलेली फार.

कारखान्यातल्या त्या साहेबांना मी गोळी दिली नाही. तासगावकडं त्यांचा द्राक्षमळा होता. म्हटलं, रोज सकाळी ऊन चढायच्या आत त्याला घेऊन मळ्याच्या चारी कडांनी चाला, दर कोपऱ्यावर थांबवा, बसवा, मग पुढं. महिन्याभरानं ते सांगायला आले की कुत्रा घरी गाढ झोपायला लागलाय. तो पुढं बारा वर्षांचा होऊन गेला.

या कुत्र्याचं शरीर थंड मुलुखातलं आहे. त्याच्या अंगावर दोन थरांचे केस, आत मऊ लव आणि वर राठ केस. उन्हाळा आला की लोक ते तासून टाकतात. ते करू नका. वरचे केस ऊनही अडवतात. रोज विंचरून आतली मेलेली लव काढली की पुरे. पिल्लाला लवकर मोठं करायच्या नादात कॅल्शियमची बाटली पाजू नका. वाढत्या सांध्यांना जादा कॅल्शियम आणि जादा वजन दोन्ही घातक. जर्मनीत खुब्यांचा एक्स-रे तपासून मगच पैदाशीला परवानगी देतात. आपल्याकडं उतरत्या पाठीची, मागच्या पायांवर बसल्यासारखी चालणारी पिल्लं 'शो क्वालिटी' म्हणून जादा दरानं विकली जातात. तीस वर्षांत अशी कितीतरी कुत्री मी पाच-सहा वर्षांच्या वयात मागचे पाय ओढत येताना पाहिली. ज्याला दिवसभर दुडक्या चालीनं जायचं होतं, त्याची ही दशा.

आणि गोचीड. गोचिडातून येणारा एर्लिकियाचा ताप सगळ्याच कुत्र्यांना होतो, पण या जातीत तो हाताबाहेर जातो. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी लष्कराची कुत्री याच तापानं मोठ्या संख्येनं मेली आणि त्यांत बहुतेक जर्मन शेफर्ड होते. आपला मुलूख गोचिडांचा. कुत्रा दोन दिवस जेवला नाही, हिरड्या फिकट दिसल्या, पोटावर तांबडे ठिपके आले किंवा नाकातून रक्त आलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. वेळेत रक्त तपासून डॉक्सिसायक्लिन सुरू केलं तर कुत्रा बहुतेक वेळा वाचतो. मात्र गोचीड मारायला मेंढरांचं आयव्हरमेक्टिन स्वतःच्या मनानं टोचू नका. मेंढपाळी कुत्र्यांच्या काही जातींत, यातल्याही काही कुत्र्यांत, असा जनुकदोष असतो की ते औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा झिंगून मरतो.

आबांचा रातीचा कुत्रा राहिलाच सांगायचा. आमच्या वाड्यावर चार-पाच कुत्री असायची. पिल्लाचे डोळे उघडले की आबा त्याला कोकरांत सोडायचे, कोकरांच्या अंगाचा वास त्याच्या नाकात बसेपर्यंत. दिवसा ही कुत्री बिऱ्हाडाबरोबर चालायची, सावली दिसली की पडायची. मेंढरं वळायला माणसं होती, त्यांची शीळ आणि हाळी होती. दिवस मावळला, मेंढरं वाघरीत गेली की कुत्री न सांगता बाहेरच्या अंगाला चार दिशांना जाऊन पडायची. लांडगा आमच्या माळावरून कधी गेलाच नाही, म्हणून आमच्या कुत्र्याला रात्रीचं काम उरलं. मेंढरं बहुतेक पीक निघालेल्या रानात, तीही शेतकऱ्याच्या सांगण्यावरून बसलेली, म्हणून त्याला तास चालावं लागलं नाही. आबांच्या कुत्र्याला ताकात कुस्करलेली भाकरी मिळायची आणि जेवायला पहिला मान त्याचा, कारण रात्रभर जागणारा तोच. त्या कुत्र्यांची नावं कुठल्याच वंशपुस्तकात नाहीत.

२००० साली पोलंडकडून आलेल्या लांडग्यांना जर्मनीत, सॅक्सनीतल्या माळावर, पिल्लं झाली. शंभर-दीडशे वर्षांनी तिथल्या मेंढपाळांची झोप परत उडाली. श्टेफानित्झचा कुत्रा तिथं उपयोगी पडला नाही, तो दिवसाचा. मग त्यांनी पिरेनीजच्या डोंगरांतली पांढरी दांडगी कुत्री आणली, पिल्लूपणापासून मेंढरांत वाढवली आणि रात्री कळपात सोडली. आता तिथं काही कळपांवर दोन्ही असतात. आबा १९९६ साली गेले. हे त्यांना सांगायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

आणि अल्सेशियनचं पिल्लू घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर त्याच्या आई-बापाला आधी मोकळ्या मैदानात चालताना बघा, त्यांच्या खुब्यांचा एक्स-रे मागून घ्या, आणि रोज पहाटे त्याच्याबरोबर बांधाच्या कडेनं तासभर चालणं तुम्हाला पुढची दहा-बारा वर्षं जमणार असेल तरच त्याला घरी आणा.